हरवलेल्या भागांचा नायक : विल्यम हार्टनेल
(द्वितीय वर्ष, कला)

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देशभक्त, समाजसुधारक, संत किंवा शास्त्रज्ञ उभे राहतात. आपल्या वार्षिक अंकातही दरवर्षी अशीच चरित्रे छापून येतात, आणि ती यावीतच. मी मात्र यंदा एका नटाचे चरित्र लिहायला घेतले आहे. तो आपल्या देशाचा नव्हे, इंग्लंडचा. कोणी नटसम्राट नव्हे, तर मुलाबाळांनी पाहायच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतला म्हातारा. काही वाचक नाक मुरडतील याची मला कल्पना आहे. त्यांना एवढीच विनंती की शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय तो निवाडा द्यावा.

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला एच. जी. वेल्स यांच्या १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द टाइम मशीन' या कादंबरीचा विषय निघाला. कालप्रवासाची कल्पना पुढे कोठे कोठे गेली हे सांगताना सरांनी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा ओझरता उल्लेख केला. मी घरी जाऊन मोबाइलवर तिचा पहिला भाग पाहिला. चित्र काळे-पांढरे, बोलणे भरभर, निम्मे कळले, निम्मे निसटले. पण त्यातला तो लांब पांढऱ्या केसांचा, करड्या नजरेचा, क्षणात चिडणारा आणि क्षणात मिस्कील हसणारा म्हातारा मनातून जाईना. त्याचे काम करणारे ते विल्यम हार्टनेल. पुढचे भाग शोधू लागले तेव्हा कळले की त्यातले कित्येक भाग जगात कोठेच उरलेले नाहीत, आणि जे उरले ते बऱ्याच अंशी चाहत्यांच्या चिकाटीमुळे उरले. मग या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेले. त्याचे हे फळ.

विल्यम हार्टनेल यांचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी लंडनच्या सेंट पँक्रस भागात झाला. आईचे नाव ल्युसी हार्टनेल. ती अविवाहित होती. जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी राहिली आणि ती जन्मभर कोरीच राहिली. आपला बाप कोण याचा शोध त्यांना कधीच लागला नाही. त्या काळच्या इंग्लंडात अशा मुलाकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल हे निराळे सांगायला नको. आपल्याकडचा अनुभव काही वेगळा नाही. पुढे नाव झाल्यावर वर्तमानपत्रवाल्यांनी घराण्याविषयी विचारले की हार्टनेल निरनिराळ्या हकिकती सांगत आणि कोऱ्या जागेवर एखादा प्रतिष्ठित बाप बसवून देत.

हे वाचताना मला त्यांचा राग आला नाही. प्रवेशाच्या अर्जात पालकांचा व्यवसाय असा एक रकाना असतो. तेथे शेतमजुरी असे लिहायची वेळ आली की आपल्यापैकी पुष्कळांचे पेन अडखळते आणि नुसते शेती असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ज्या जगात आपल्याला जायचे आहे त्या जगाला आपले मूळ आवडेल की नाही, ही भीती मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. मी शेतमजुरी असेच लिहिते. पण जो दुसरे काही लिहितो त्याच्या मनात काय चालते, तेही मला ठाऊक आहे.

विल्यमचे बालपण ओढाताणीतच गेले. काही काळ तो दुसऱ्या बाईकडे वाढला. सुट्टीत आईच्या माहेरच्या माणसांकडे डेव्हन परगण्यात तो जाई. ती शेतकरी माणसे होती. तेथे तो घोड्यावर बसायला शिकला. लंडनमध्ये मात्र शाळेत लक्ष नाही, खिशात पैसा नाही, संगत वाईट आणि लहानसहान चोऱ्या असा कार्यक्रम चालू होता. असा मुलगा पुढे तुरुंगात जायचा. पण हा गेला तो मुष्टियुद्धाच्या एका क्लबात. तेथे त्याला ह्यू ब्लेकर नावाचे गृहस्थ भेटले. ब्लेकर स्वतः चित्रकार होते आणि जुन्या चित्रांचे नामांकित संग्राहक होते. 'आयलवर्थ मोनालिसा' म्हणून जे चित्र पुढे गाजले ते त्यांनीच हुडकून विकत घेतले होते. धुळीने माखलेल्या चित्रातले मोल ओळखणाऱ्या या माणसाने या मुलातलेही मोल ओळखले. त्यांनी त्याला आपल्या घरी आसरा दिला आणि चांगल्या शाळेत घातले. तेथली शिस्त न मानवून तो पळून आला, तरी त्यांनी त्याला टाकले नाही. लंडनमध्ये इटालिया काँटी नावाची नाट्यशिक्षणाची संस्था होती, तेथे त्याला धाडले. त्याचे पुढचे आयुष्य त्या एका निर्णयावर उभे राहिले.

१९२५ साली, सतरा वर्षांचा असताना, विल्यम सर फ्रँक बेन्सन यांच्या नाटक कंपनीत लागला. ही कंपनी शेक्सपिअरची नाटके घेऊन गावोगाव फिरे. पडदे ओढणे, सामान हलवणे, निरोप पोहोचवणे अशी पडेल ती कामे तो करी आणि मिळाली तर दोन वाक्यांची भूमिकाही करी. आपल्याकडील जुन्या नाटक कंपन्यांत पोरे कशी घडत याची वर्णने आपण वाचली आहेत. हा प्रकार तसाच. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्या या मुलाची खरी शाळा म्हणजे ती कंपनी. १९२९ साली त्यांनी हेदर मॅकिन्टायर या अभिनेत्रीशी विवाह केला. त्यांना एक मुलगी झाली.

१९३० नंतरच्या दशकात ते चित्रपटांत शिरले. ब्रिटिश चित्रपटगृहांनी देशी चित्रपटांचा ठरावीक हिस्सा दाखवलाच पाहिजे असा कायदा १९२७ साली झाला होता. तो हिस्सा भरून काढण्यासाठी घाईघाईने स्वस्त चित्रपट निघत. अशा चित्रपटांतून हार्टनेल विनोदी कामे करीत. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते रणगाडा दलात दाखल झाले. पण प्रकृती, विशेषतः मनाची प्रकृती, ढासळल्याने त्यांना सैन्यातून परत यावे लागले. दैवाचा खेळ असा की प्रत्यक्ष सैन्यात टिकू न शकलेल्या या माणसाला पडद्यावर मात्र सैन्याने जखडून टाकले. १९४४ साली कॅरॉल रीड यांच्या 'द वे अहेड' या चित्रपटात त्यांनी कडक सार्जंटचे काम केले, ते गाजले, आणि मग त्यांच्याकडे सार्जंट, पोलीस आणि गुंड यांच्याच भूमिका येऊ लागल्या. १९४७ च्या 'ब्रायटन रॉक' मध्ये ते गुंड झाले. 'द आर्मी गेम' या दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेत पुन्हा सार्जंट मेजर, आणि १९५८ च्या 'कॅरी ऑन सार्जंट' मध्ये तर शीर्षकातलाच सार्जंट. गुर्मीत ओरडायचे आणि शिपायांना रांगेत उभे करायचे, याचा त्यांना वीट आला होता. पन्नाशी उलटली होती आणि आपल्याला दुसरे काही येते हे कोणी तपासूनच पाहत नव्हते.

अपवाद ठरला १९६३ चा 'धिस स्पोर्टिंग लाइफ' हा चित्रपट. रग्बीच्या खेळाडूंना हेरणाऱ्या एका थकल्याभागल्या म्हाताऱ्याची छोटीशी भूमिका हार्टनेल यांनी त्यात केली. ती पाहून बी.बी.सी.च्या एका निर्मातीला वाटले की आपण ज्याला शोधतो आहोत तो हाच. तिचे नाव व्हेरिटी लँबर्ट. वय अवघे सत्तावीस. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी शनिवारी संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून पाहावी अशी मालिका काढायचे ठरवले होते आणि तिची जबाबदारी या तरुणीवर टाकली होती. पहिल्या कथेचे दिग्दर्शन सोपवले होते वारिस हुसेन यांच्याकडे. हे हुसेन लखनौचे. १९३८ साली त्यांचा तेथे जन्म झाला आणि १९४६ साली ते कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेले. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. एक तरुण बाई, एक हिंदी तरुण आणि मुलांसाठीची मालिका! मुरलेल्या नटाला ते सारेच पोरखेळ वाटणे साहजिक होते. लँबर्ट आणि हुसेन यांनी त्यांना जेवायला नेऊन, समजूत घालून होकार मिळवला.

मालिकेची कल्पना साधी. परग्रहावरचा एक म्हातारा, ज्याला सगळे नुसते डॉक्टर म्हणतात, एका यंत्रातून काळात आणि अवकाशात फिरत असतो. यंत्र बाहेरून रस्त्यावरच्या पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसते; आत शिरले की भला मोठा दिवाणखाना. पहिला भाग एकदा चित्रित झाल्यावर न्यूमन यांना तो पसंत पडला नाही, म्हणून तो नव्याने करण्यात आला. अखेर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी तो प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि सारे जग त्या धक्क्यात होते. म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवला गेला. डिसेंबरात डॅलेक नावाचे यंत्रांत बसलेले दुष्ट जीव मालिकेत आले आणि इंग्लंडातल्या मुलांना त्यांनी अक्षरशः झपाटून टाकले.

पहिल्याच पर्वात बेचाळीस भाग झाले. दर आठवड्याला एक भाग, आणि तोही जवळजवळ सलग चित्रित करायचा, कारण मध्ये थांबून पुन्हा घेणे वेळखाऊ आणि महाग पडे. हार्टनेल कधी शब्द चुकत, अडखळत, आणि त्या अडखळण्यातूनच वाट काढत. चुका तशाच राहिल्या आणि आज त्याच रसिकांच्या आवडीच्या झाल्या आहेत. त्यांनी ही भूमिका मनापासून घेतली. यंत्राचे कोणते बटण कशासाठी, हे ते स्वतः लक्षात ठेवीत आणि दर वेळी तेच दाबीत. मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही हे ते जाणून होते. डॉक्टरच्या पोशाखात ते गावोगावच्या मेळाव्यांना जात आणि मुले त्यांच्याभोवती गोळा होत. ज्याच्या जन्मदाखल्यात बापाचे नाव नव्हते, तो देशभरच्या मुलांचा आजोबा झाला.

पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. हार्टनेल तापट होते, सहकाऱ्यांना त्यांचा जाच होई, आणि परदेशी व परधर्मीय माणसांविषयी त्यांच्या मनात पूर्वग्रह होते असे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे. ज्या मालिकेने त्यांना अमर केले तिचा पहिला दिग्दर्शक लखनौचा होता, ही गोष्ट म्हणूनच मला मोलाची वाटते. ज्याला समाजाने जन्मामुळे खाली पाहायला लावले, त्याने दुसऱ्याकडे जन्मावरून पाहू नये, असे आपल्याला वाटते. पण माणसे अशी सरळ वागत नाहीत. हा दोष मी झाकत नाही आणि त्यासाठी त्यांचे सारे काम खोटेही ठरवत नाही.

पुढे त्यांची प्रकृती बिघडली. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ लागला. निर्माते बदलले, ओळखीची माणसे गेली. १९६६ साली त्यांनी मालिका सोडली. नायकच निघाला तर मालिका बंद पडायची. पण येथे एक अपूर्व तोड निघाली. डॉक्टर मरणाच्या दारी आला की त्याचे शरीर नवे होते, चेहरा बदलतो, माणूस तोच राहतो. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी 'द टेन्थ प्लॅनेट' या कथेच्या चौथ्या भागात हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा उमटला. आपल्या आजारामुळे हार्टनेल यांना जावे लागले, आणि त्यांच्या त्या जाण्यानेच मालिकेला पुढे कितीतरी दशके जगायची युक्ती मिळाली. १९७२ साली दहाव्या वर्षाच्या निमित्ताने 'द थ्री डॉक्टर्स' या कथेत त्यांना पुन्हा बोलावले गेले. तोवर ते इतके खचले होते की त्यांची दृश्ये वेगळी, बसल्या जागी, फलकावर लिहिलेली वाक्ये वाचून घ्यावी लागली. २३ एप्रिल १९७५ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, केंट परगण्यात त्यांचे निधन झाले.

येथे चरित्र संपायला हवे. पण त्यांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग येथून सुरू होतो, असे मला वाटते.

त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर घेत. ही फीत फार महाग असे. ती पुसून पुन्हा वापरता येई. नटसंघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम वाटेल तेव्हा पुन्हा दाखवता येत नसत. घरोघरी पाहण्यासाठी फिती विकता येतील, ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात नव्हती. त्यात रंगीत प्रक्षेपण आल्यावर काळ्या-पांढऱ्याला विचारतो कोण? तेव्हा बी.बी.सी.ने फिती पुसल्या. परदेशी विकण्यासाठी पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या असत. हक्कांची मुदत संपली की त्याही टाकून देण्यात आल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला, तोवर फार उशीर झाला होता. १९६३ ते १९६९ या काळात मालिकेचे २५३ भाग झाले होते. २०१३ साली शेवटी हिशेब झाला तेव्हा त्यांतले ९७ भाग गहाळ होते, आणि त्यांपैकी ४४ हार्टनेल यांचे. त्यांचा तो निरोपाचा भागही त्यात होता.

आणि तरीही त्या ९७ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज शिल्लक होता! कसा? तर ज्या घरात शनिवारी संध्याकाळी मुले ही मालिका पाहत, त्यांतल्या काही घरांत टेपरेकॉर्डर होता. मुलांनी दूरचित्रवाणी संचासमोर मायक्रोफोन धरून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवला. काहींनी तर संचाच्या आतून तार जोडून घेतली. यात पैसा नव्हता, कीर्ती नव्हती. पुन्हा ऐकता यावे, एवढीच इच्छा. मोठ्या संस्थेने जे पुसले ते पोरांनी राखले.

चित्रे राखली जॉन क्युरा यांनी. दूरचित्रवाणीच्या पडद्याचे कार्यक्रम चालू असतानाच फोटो काढायचे आणि ते नट-दिग्दर्शकांना विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. एका भागाचे साठ-सत्तर फोटो ते काढीत. वारिस हुसेन यांनी १९६४ साली 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा केली. त्यांतले सहा भाग स्वतः दिग्दर्शित केले. सातही भाग नष्ट झाले. पण क्युरा यांनी काढलेले त्यांच्या सहा भागांचे फोटो हुसेन यांनी जपून ठेवले होते. पुढे ते प्रकाशात आले. चाहत्यांनी हे फोटो आणि तो आवाज एकत्र जोडून हरवलेल्या भागांची स्थिरचित्रांची आवृत्ती तयार केली आणि प्रती काढून एकमेकांना वाटल्या.

शोधाच्या हकिकती तर एखाद्या कादंबरीसारख्या आहेत. १९८३ साली दोन भाग लंडनमधील एका चर्चच्या इमारतीत सापडले. काही सायप्रसहून आले, काही नायजेरियाहून. १९९९ साली 'द क्रुसेड' या कथेचा पहिला भाग न्यूझीलंडमधील एका संग्राहकाकडे चाहत्यांना मिळाला. २०११ साली 'गॅलक्सी फोर' चा एक भाग एका निवृत्त अभियंत्याच्या संग्रहात निघाला. २०१३ साली नायजेरियातील जोस शहरातून ट्राउटन यांचे नऊ भाग परत आल्याचे जाहीर झाले. सर्वांत गमतीची गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तेथील सेन्सॉरने मुले घाबरतील म्हणून काही तुकडे कापून काढले होते. नियमाप्रमाणे ते तुकडे सरकारी दप्तरात जमा झाले. मूळ भाग गेले. कापलेले तुकडे उरले! १९९६ साली चाहत्यांनी ते दप्तरातून शोधून काढले. ज्यांनी कात्री लावली त्यांनीच नकळत जतन केले.

मिळालेली फिल्म धुळीने, ओरखड्यांनी भरलेली असते. १९९० नंतरच्या दशकात काही चाहते, जे व्यवसायाने अभियंते व तंत्रज्ञ होते, दुरुस्तीसाठी एकत्र आले. एकेक चित्र घेऊन ते ओरखडे पुसत. मूळ चित्रफितीत एका सेकंदात पन्नास वेळा चित्र बदले. फिल्मवर ते पंचवीसच वेळा उरले, त्यामुळे हालचालीतला जिवंतपणा गेला. या मंडळींनी संगणकाच्या साहाय्याने मधली चित्रे पुन्हा तयार करून ती मूळची सफाई परत आणण्याची पद्धत शोधली. काही ठिकाणी फिल्मवरच्या आवाजापेक्षा मुलांच्या टेपचा आवाज स्वच्छ होता. तेव्हा तोच बसवला. बी.बी.सी.ने पुढे या भागांच्या तबकड्या काढल्या, त्या याच कामाच्या बळावर.

हे सारे वाचत असता मला आमच्या घरातली एक कॅसेट आठवत होती. माझे आजोबा सोंगी भारूड करीत. सप्ताहात, जत्रेत त्यांना आजूबाजूच्या गावांहून बोलावणे येई. मी जन्मण्यापूर्वीच ते गेले. एकदा लाउडस्पीकरवाल्याने त्यांचे अख्खे भारूड कॅसेटवर भरून दिले होते. पुढे घरात लग्न निघाले, नवी कॅसेट आणायला पैसे नव्हते, म्हणून त्याच कॅसेटवर वरातीची गाणी भरली गेली. शेवटची चारेक मिनिटे तेवढी वाचली. त्यात आजोबांचा आवाज आहे, मागे टाळ आहे, आणि कोणीतरी मोठ्याने हसते आहे. ज्यांनी गाणी भरली त्यांचे आजोबांवर प्रेम नव्हते असे कसे म्हणावे? त्यांनी काटकसर केली, इतकेच. बी.बी.सी.तल्या कारकुनानेही दुसरे काय केले? वस्तू नष्ट होतात त्या बहुधा दुष्टपणाने नव्हे. आज हिचा उपयोग काय, या शहाण्या प्रश्नाने.

गेल्या दिवाळीपासून मी आज्जीकडून ते भारूड मोबाइलवर भरून घेते आहे. तिला कडवी मागेपुढे होऊन आठवतात. आजोबांच्या मागे टाळ धरणारे एक म्हातारबुवा अजून आहेत. त्यांच्याकडून क्रम लावून घेते. एका ठिकाणी दोघांचे जुळत नाही. आज्जी म्हणते सोंग आधी येते, बुवा म्हणतात अभंग आधी. शेवटच्या चार मिनिटांतून त्याचा निकाल लागत नाही. तेव्हा मी दोन्ही पाठ वहीत लिहून ठेवले आहेत आणि कोणता कोणाचा तेही लिहिले आहे. जे खरोखर उरले आहे ते कोणते आणि जे आपण भरून काढले ते कोणते, यातला फरक दिसत राहिला पाहिजे, हे मी त्या परदेशी चाहत्यांकडून शिकले. हार्टनेल यांचा निरोपाचा भाग २०१३ च्या तबकडीत रेखाटनांतून पुन्हा उभा केला गेला. आवाज मुलांच्या टेपचा, चित्रे नव्याने केलेली. ती चित्रे खरी असल्याचा आव कोणी आणला नाही. चेहरा बदलण्याचा तो शेवटचा क्षण तेवढा मूळचा शिल्लक आहे, कारण १९७३ साली मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता आणि तो कार्यक्रम टिकला.

हार्टनेल यांच्या स्वतःच्या आयुष्यातली कोरी पाने कोणी भरली? त्यांच्या नातीने. जेसिका कार्नी यांनी १९९६ साली आजोबांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात ती अविवाहित आई, त्या चोऱ्या, तो तापटपणा, ते पूर्वग्रह, सारे आले. आजोबांनी सांगितलेल्या दिमाखदार हकिकती बाजूला ठेवून तिने खरे लिहिले, आणि जेथे उत्तर मिळाले नाही ती वडिलांची जागा कोरीच ठेवली. मला वाटते, त्यामुळे हार्टनेल लहान झाले नाहीत. श्रीमंत बापाच्या पोरापेक्षा, काहीच नसताना वर आलेला हा मुलगा कितीतरी मोठा दिसतो.

कोणी म्हणेल, मुलांच्या एका मालिकेसाठी एवढा खटाटोप कशाला? यावर माझे उत्तर असे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याला अपुराच पाहायला मिळतो. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, पूर्णपणे नाहीसा झाला आहे. तेव्हाही कोणाला तरी ती करमणुकीची किरकोळ वस्तूच वाटली असणार. कोणती वस्तू उद्या मोलाची ठरेल हे आज ठरवता येत नाही. म्हणून ज्याला जे आवडते ते त्याने जपावे, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. शहाण्यांच्या समित्या चुकतात. आवड सहसा चुकत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातल्या प्रत्येकाच्या हातात आज ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. १९६३ सालच्या त्या मुलांकडे होते त्यापेक्षा ते किती तरी चांगले आहे. आपल्या घराघरांत जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्या आहेत, पोवाडे म्हणणारे, बैलांची नावे पिढ्यान् पिढ्या सांगणारे आजोबा आहेत. यंदाच्या सुट्टीत प्रत्येकाने एकच आवाज भरून घ्यावा. कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या दिवशी, एवढे वहीत नीट लिहावे. आणि ते भरलेले एकाच ठिकाणी न ठेवता दुसऱ्या कोणाकडे तरी त्याची प्रत द्यावी. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर आपल्या ग्रंथालयात त्यासाठी एक कपाट सहज मिळेल. पहिली वही ठेवायला मी तयार आहे. त्यात आजोबांची चार मिनिटे असतील, आज्जीचा पाठ असेल, बुवांचा पाठ असेल, आणि जेथे काहीच सापडले नाही तेथे एक कोरी जागा सोडलेली असेल.